गिगसाठी पेडल स्टील: नवं हलकं की जुनं जड?

पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी राहणारी, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची गिटार; तिची पेडलं आणि गुडघ्याचे लिव्हर तारांचा सूर बदलतात. ती घेऊन बँडबरोबर गिगला, म्हणजे बाहेरच्या कार्यक्रमात, वाजवायचं ठरवलं आणि खिशात पैसे बेताचे असले, की शेवटी निवड दोन वाद्यांत होते. एक म्हणजे नवं, हलकं, एका नेकचं (तारांची एकच पट्टी असलेलं) दहा तारांचं विद्यार्थी मॉडेल. दुसरं म्हणजे सत्तरच्या दशकातलं दोन नेकचं, वापरलेलं व्यावसायिक वाद्य. दुसऱ्यासाठी थोडी जास्त रक्कम मोजली तर ते मिळतं, आणि दिसायला ते फार देखणं असतं. मोह तिथेच होतो.

आधी तिसऱ्या पर्यायाबद्दल. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांची हवाईयन गिटार ऐकत वाढलेल्यांना वाटतं, मांडीवरचं साधं लॅप स्टील पुरेल की! ब्लूज किंवा हवाईयन वाजवायचं असेल तर खरंच पुरेल, आणि ते एका खांद्यावर मावतं. पण बार सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा एकत्र सरकतात. मींड छान येते, कॉर्डचा आकार मात्र तोच राहतो. पेडल स्टीलमध्ये दोन तारा स्थिर असताना तिसरीच चढते. 1954 साली गाजलेल्या, अमेरिकी गायक वेब पिअर्स यांच्या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी हे केलं आणि कंट्री संगीताला तो ओला, रेंगाळणारा आवाज मिळाला. कंट्री बँडला तोच हवा असतो.

तो आवाज ज्या ई-नाइन ट्यूनिंगमधून (तारा लावण्याच्या पद्धतीतून) येतो, ते आपल्या स्वरांत सांगतो. ई हा सा धरला तर मोकळ्या तारांवर सा-ग-प मिळतात. पहिलं पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेवरचा प धैवतावर नेतं, दुसरं तिसऱ्या आणि सहाव्या तारेवरचा ग मध्यमावर. दोन्ही दाबली की बार जागच्या जागी असताना सा-म-ध तयार! गुडघ्याने ढकलायचे लिव्हर याच पद्धतीने सा खाली शुद्ध नीवर किंवा वर कोमल रे वर नेतात. म्हणून गिगसाठी किमान तीन पेडलं आणि चार लिव्हर हवेत. जुन्या विद्यार्थी मॉडेलांत, उदाहरणार्थ शो-बड कंपनीच्या मॅव्हरिकमध्ये, बऱ्याचदा एकच लिव्हर असायचा. स्वस्त मिळालं तरी ते घेऊ नका. सहा महिन्यांत हात अडतो. कार्टर स्टार्टर किंवा स्टेज वन यांसारख्या नंतरच्या मॉडेलांनी हीच उणीव भरून काढली.

आता वजन. जुनं दोन नेकचं वाद्य पाय, पेडलं आणि पेटी धरून तीस किलोच्या आसपास जातं. शिवाय अँप, व्हॉल्यूम पेडल आणि बसायचं स्टूल. मागच्या दाराचे जिने, पार्किंगपासूनची चाल, रात्री एक वाजता परतीचं सामान भरणं, हे सगळं तुम्हीच करायचं असतं, कारण स्टीलवाल्याच्या मदतीला सहसा कोणी येत नाही. एका नेकचं हलकं वाद्य एका हातात येतं. अमेरिकेतल्या विमानांत नेहमीच्या चेक-इन बॅगची मर्यादा 23 किलो असते. दोन नेकचं वाद्य तिथेच अडकतं, हलकं पेटीसह बसण्याची शक्यता बरीच आहे. वाद्य जड म्हणून गिग नाकारणारे चांगले वादक मी पाहिले आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

हलकेपणाची किंमत सुरात मोजावी लागते का? कधीकधी, हो. पेडल दाबलं की तारांचा ताण वाढतो, वाद्याचं लाकडी अंग किंचित वाकतं आणि ज्या तारा हलायला नकोत त्या थोड्या उतरतात. याला कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. अंग पातळ असेल तर तो वाढू शकतो. पण जुनी वाद्यंही यातून सुटलेली नाहीत, उलट त्यांत झिजलेल्या सांध्यांची भर पडते: पेडल सोडल्यावर तार नेमक्या जागी परत येत नाही. एमन्स कंपनीच्या पुश-पुल (ढकलून आणि ओढून सूर बदलणाऱ्या) वाद्यांचा आवाज अप्रतिम आहे, पण त्यांची यंत्रणा जुळवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते येणारा माणूस तुमच्या गावात असेलच असं नाही. आजची साधी ऑल-पुल यंत्रणा, जी सूर फक्त ओढूनच बदलते, एका षट्कोनी किल्लीने पाच मिनिटांत सुरात आणता येते. साउंडचेकच्या गडबडीत ही पाच मिनिटं लाखमोलाची असतात.

आवाजात जुन्या वाद्याचा खर्ज भरदार असतो, हे मान्य. पण बँडमध्ये तो भाग बेस आणि ड्रमने व्यापलेलाच असतो. घरी एकट्याने वाजवताना जाणवणारा फरक मंचावर मला फारसा ऐकू येत नाही. निऑन दिव्यांच्या बारमध्ये सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारा, एका वेटोळ्याचा भाग) गुणगुणतो, तिथे ती गुणगुण दाबणारा दोन वेटोळ्यांचा हंबकर बरा.

एकाच बाबतीत मी जड वाद्य घ्या म्हणेन. टेक्सासच्या धाटणीचं वेस्टर्न स्विंग, म्हणजे कंट्री आणि जाझचं मिश्रण, वाजवायचं असेल तर दुसऱ्या नेकवरचं सी-सिक्स ट्यूनिंग लागतं. त्यातले जाझच्या अंगाचे कॉर्ड ई-नाइनवर नीट जमत नाहीत. तुमचा बँड ते वाजवत नसेल तर दुसरा नेक म्हणजे फुकटचं ओझं.

बाकी सगळ्यांनी हलकं घ्यावं आणि वाचलेले पैसे चांगल्या व्हॉल्यूम पेडलवर आणि अँपवर घालावेत. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा अँप गोड वाजतो, पण तोही तीस किलोच्या घरात आहे. हलकं वाद्य घेऊन वर तो उचलायचा असेल तर काय मिळवलं?

पाहायला जाल तेव्हा ट्यूनर बरोबर न्या. चौथी तार सुरात लावा, ती वाजती ठेवून पहिली दोन पेडलं दाबा आणि काटा पाहा. दोन-तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरला तर चालेल, आठ-दहा उतरला तर निघून या. मग तेच एकेक पेडल सोडून, परत येणाऱ्या तारांवर करा. आणि घेतलंत तर त्याच दिवशी तिसऱ्या तारेच्या, 0.011 इंचाच्या, सहा जादा तारा पेटीत टाका. सगळ्यात जास्त तीच तुटते, आणि बहुतेक वेळा सोलोच्या आधी.