ग्वाल्हेरच्या थंडीत राय गवत: सात महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, थंडीत लॉन हिरवं ठेवायला पेरलेल्या राय गवताला पाचपैकी साडेतीन तारे. फेब्रुवारीत कुणी विचारलं असतं तर पाचच्या पाच दिले असते, एप्रिलअखेर विचारलं असतं तर एक. आता जून लागलाय, पाऊस यायचाय आणि माझं डोकं बऱ्यापैकी ठिकाणावर आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या वाड्याचं अंगण फरशीचं होतं. शहरातल्याच थाटीपूरकडे राहायला आल्यावर घरापुढे ३० बाय २० फुटांची मोकळी जागा मिळाली, तिथं हरळी लावली. इथला माळी तिला दूब म्हणतो. हरळी चिवट जात. ग्वाल्हेरचा ४५ अंशांचा मे ती सोसते, एखादं पाणी चुकलं तरी रुसत नाही. थंडीपुढे मात्र हात टेकते. जमीन १० अंशांच्या खाली गार झाली की वाढ थांबते आणि वरची पाती वाळतात. मरत नाही, नुसती झोपते. पण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी सरेपर्यंत अंगणाचा पेंढा होतो. आणि इथं बाहेर बसायचे दिवस नेमके तेच! मे महिन्यात लॉनवर बसणार कोण? ग्वाल्हेरच्या थंडीतल्या मेळ्याच्या, म्हणजे जत्रेच्या, निमित्तानं पाहुणे येतात, दुपारच्या उन्हात सतरंजी पडते, मुरैन्याची गजक, तिळाची ती कुरकुरीत मिठाई, निघते, आणि खाली सगळं पिवळं.

म्हणून राय. हे थंड हवेचं गवत, झोपलेल्या हरळीवरच पेरायचं. दोन प्रकार मिळतात. एक वर्षायू, स्वस्त, जनावरांच्या चाऱ्यालाही पेरतात ते. पान रुंद, रंग फिका, आणि वाढीला इतकं ओढाळ की कापून कापून जीव जातो. दुसरं बारीक पानाचं, गडद हिरवं. मी दुसरं घेतलं. पिशवीवर ‘बारमाही’ असं लिहिलेलं होतं. थंड मुलखात ते खरंही असेल. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याशी त्याची ओळख नसावी. मला किलोला पाचशे पडले. चौरस मीटरला ४० ग्रॅम धरून ५५ चौरस मीटरला सव्वादोन किलो लागतं. मी तीन किलो आणलं, आणि बरं झालं आणलं.

कारण पहिली पेरणी वाया गेली, माझ्याच घाईनं. १२ ऑक्टोबरला दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी मी बी फेकलं. दुपारी अजून ३३–३४ अंश. पाचव्या दिवशी कोंब आले, मी खूश होऊन रोज संध्याकाळी पाइप धरला. रात्रभर ओल, दिवसा उकाडा. आठवड्याभरात बशीएवढाले डाग दिसू लागले, कोंब तेलात बुडवल्यासारखे लोळलेले आणि सकाळी त्यांच्यावर कापसासारखे तंतू. बुरशीनं कोवळी रोपं बसवली होती. एका बाजूचा जवळजवळ निम्मा भाग गेला.

दिवाळीनंतर, दिवसा ३० च्या खाली आणि रात्री १५ च्या आसपास आल्यावर, तेवढा भाग पुन्हा पेरला. हरळी बोटाच्या पेराएवढी खुरटी कापली, दाताळ्यानं आतला वाळका थर ओढून काढला, नाहीतर बी वरच लटकतं. बी वाळूत कालवून एकदा उभं, एकदा आडवं फेकलं आणि वर चाळलेल्या शेणखताचा अर्धा सेंटिमीटर थर दिला. त्यानं ओल टिकते आणि चिमण्या-पारव्यांना ताट वाढल्यासारखं दिसत नाही. पहिले दहा दिवस दिवसातून तीनदा हलकंसं पाणी, शेवटचं दुपारी चारच्या आत. आठव्या दिवशी हिरवी लव दिसली. माळी बघून म्हणाला, “बाबूजी, ये घास नहीं, गेहूँ बो दिए आपने.” पहिले पंधरा दिवस दिसतंही अगदी तसंच. चार बोटं वाढल्यावर पहिली कापणी केली, वरचा एक तृतीयांशच. त्याहून जास्त एका वेळी कधी कापू नये, मग ते राय असो की हरळी.

कोरड्या थंडीबद्दल लोकांचा एक ठाम गैरसमज असतो की थंडी आहे म्हणजे पाणी नको. इथं सप्टेंबर संपला की पाऊस जवळपास संपला. जानेवारीत धुकं पडतं, पानं भिजतात, पण माती कोरडीच राहते. मी पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) मातीत खुपसून बघायचो. सहज चार बोटं आत गेला तर पाणी नाही, अडला तर द्यायचं. नोव्हेंबरात चार दिवसांनी, ऐन थंडीत आठवड्यानं. आणि एकदाच पण भरपूर, सकाळी ऊन आल्यावर. झोपलेल्या हरळीलाही दोन-तीन आठवड्यांनी एक पाणी लागतंच, नाहीतर मुळं सुकतात. तिघरा धरणाचं पाणी नळाला येतं त्या वेळेत टाकी, आंघोळी आणि लॉन असा क्रम आमच्या घरी ठरलेला आहे, लॉन शेवटी.

जानेवारीत दोन-तीन रात्री पाला पडला, म्हणजे दव गोठलं. एका सकाळी मी पेपर उचलायला गवतावरून चालत गेलो आणि तसाच परत आलो. पात्यांतलं पाणी गोठलेलं असताना पाय पडला की आतल्या पेशी फुटतात. दोन दिवसांनी फाटकापर्यंत जाणारी आणि येणारी माझी पावलं तपकिरी उमटली, लक्ष्मीच्या पावलांसारखी, फक्त नऊ नंबरची. पुढच्या वेळी आदल्या दिवशी हलकं पाणी देऊन ठेवलं, गहूवाले देतात तसं. ओली माती रात्री उशिरा गार होते.

फेब्रुवारीत पानं फिकी पडली. आधी युरिया दिला, चौरस मीटरला दहा ग्रॅम. फरक पडला नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, म्हणजे लोहाची कमतरता. इथली माती अल्कधर्मी, बोअरचं पाणी जड, लोह असून मुळांना मिळत नाही. लिटरला पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारलं आणि चार दिवसांत रंग आला. पडवीच्या फरशीवरही आला, नारिंगी. ते डाग अजून गेलेले नाहीत आणि पाहुण्यांना ते कुणामुळे पडले हे सांगण्याची संधी बायको सोडत नाही.

पण खरी गोष्ट आईच्या कोपऱ्याची. पेरणीच्या दिवशी तिनं तुळशीभोवतीच्या चार फुटांवर बी टाकू दिलं नव्हतं. “तिथली हरळी माझ्या गणपतीची आहे,” म्हणाली. १ फेब्रुवारीला माघी चतुर्थी. सकाळी शेजारच्या काकू आमची हिरवळ बघून दूर्वा मागायला आल्या आणि वाटीभर पाती खुडूनही बसल्या. आईनं एक पातं हातात घेतलं, उलटं केलं. मागून चकचकीत, एकेरी. “ही दूर्वा नव्हे, बाई. तीन पानं कुठं आहेत?” भिंतीच्या उबेला तुळशीजवळ थोडी हरळी जागी राहिली होती, त्यातून तिनं अकरा निवडल्या आणि काकूंना पाच दिल्या. एवढ्या हिरव्या अंगणात एकवीस दूर्वा पुऱ्या झाल्या नाहीत, हे मला तिनं पुढं दोन संकष्ट्यांना ऐकवलं.

मार्चमध्ये तोच कोपरा पहिल्या आठवड्यात हिरवा झाला. बाकी लॉन तेव्हा राजासारखं, गडद, मऊ, आठवड्यातून दोनदा कापावं लागणारं. इथंच माझी चूक झाली. होळीच्या सुमाराला राय खुरटं कापायला हवं होतं, दोन सेंटिमीटरवर. खत बंद, पाणी कमी, म्हणजे खालच्या हरळीला ऊन मिळून ती उठते. एवढं सुंदर गवत भादरायचा धीर होईना. गुढी पाडवा ३० मार्चला, तोवर राहू दे म्हटलं. मग एप्रिलची लू, म्हणजे उन्हाळी झळांचा वारा, सुटली, पारा ४० च्या वर गेला, आणि राय पंधरा दिवसांत वाळून गेलं. खालची हरळी सावलीत पांढुरकी, काही ठिकाणी नुसती माती. पन्नास टक्के म्हणणार नाही, पण तिसरा हिस्सा नक्की उघडा पडला. त्या भर उन्हात तुळशीचा कोपरा हिरवागार. मे महिनाभर त्या कोपऱ्यातल्या मुळ्या उपटून उघड्या जागी टोचतोय.

कापायला साधं हातानं ढकलायचं रीळवालं यंत्र वापरलं. रायला पुरेसं आहे. वाळकी हरळी मात्र ते चावतं, कापत नाही.

यंदा पुन्हा पेरणार का? हो, पण पडवीपासून झोपाळ्यापर्यंतच, सतरंजी पडते तेवढं. दिवाळीच्या आधी पिशवी उघडायची नाही आणि होळीला भादरायचं. अर्धा किलो बी डब्यात शिल्लक आहे. आईनं झोपाळ्यापासून तुळशीपर्यंत विटांची ओळ आत्ताच लावून ठेवली आहे, आणि परवा मोजली तर ती झोपाळ्याच्या दोन फूट अलीकडे आलेली.