कार्डातला मासा

नंबरचा पोलराइज्ड गॉगल, म्हणजे पाण्यावरची आणि रस्त्यावरची चमक अडवणारा, करायला टाकणार असाल तर आधी हे वाचा. माझे 7,200 रुपये गेले. त्याहून जास्त लागलं ते हे, की मी हालोलच्या एका कारखान्यात 22 वर्षं आलेला माल तपासायचंच काम करतोय. सप्लायरने पाठवलेला नमुना कितीही सुंदर असो, ट्रकमधून उतरलेला माल हातात घेतल्याशिवाय मी सही करत नाही. आणि त्या दुकानात मात्र नमुना बघून पैसे मोजले, माल न बघता घरी आलो.

गॉगल हवा होता दोन कामांसाठी. एक म्हणजे रस्ता. बडोद्याहून हालोल ईशान्येला, त्यामुळे उन्हाळ्यात जाताना आणि हिवाळ्यात येताना सूर्य बरोबर नाकासमोर. सकाळी पावागड दिसायच्या ऐवजी नुसता पांढरा पडदा दिसतो, आणि त्या पडद्यातून एखादी छकडो रिक्षा अचानक समोर येते. दुसरं काम मासेमारी. आमचं घर सीकेपी, पणजोबा गायकवाडांच्या नोकरीत इकडे आले ते इथलेच झाले. गुजराती शेजाराला वास येऊ नये म्हणून आई खिडक्या लावून मासे तळायची. मी अजूनही गळाची काठी क्रिकेटच्या किटबॅगेत घालून सोसायटीच्या जिन्याने उतरतो.

मला दूरचा नंबर आहे, उणे अडीच, वर थोडा सिलिंडर. त्यामुळे हजार-बाराशेचा तयार पोलराइज्ड गॉगल उचलून चालत नाही. एक तर चष्म्यावर क्लिप लावायची, नाहीतर नंबरच्या काचा बनवून घ्यायच्या. क्लिप लावून बायकोसमोर जायची लाज वाटली म्हणून दुसरा रस्ता धरला. ही लाज मला महागात पडली.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. उत्तरायणच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आधी बडोद्यात सगळीकडे गॉगलची गर्दी असते, गच्चीवर दिवसभर आभाळाकडे बघायचं ना. शहरातल्या एका चांगल्या चालत्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने एक पोस्टकार्डाएवढं कार्ड पुढे केलं. साध्या डोळ्यांनी बघितलं तर करडं, रिकामं. त्याने एक गॉगल माझ्या चष्म्यावरच धरला आणि कार्डात निळं पाणी आलं, पाण्यात एक केशरी मासा.

"काका, माछली देखाय छे ने?"

दिसली. मी त्याला सांगितलंही की मला मासेमारीसाठीच पाहिजे. तो आणखी खूश झाला. मग त्याने जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च काढली, पाचशेच्या नोटेवर मारली, धागे चमकले. मध्ये काच धरली, चमक गेली. "जुओ, यूव्ही पण बंध." एवढं सगळं बघितल्यावर मी फ्रेम निवडली 2,200 ची, काचांचे 5,000 ठरले, अर्धे पैसे दिले. माझ्या नंबरच्या काचा पाच दिवसांनी येणार होत्या.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण सगळी मेख हीच आहे. त्या कार्डाने मला जे सिद्ध करून दाखवलं ते त्याच्या हातातल्या गॉगलबद्दल. माझ्या काचा तेव्हा जन्मालाही आल्या नव्हत्या.

गॉगल घ्यायला गेलो तो 13 जानेवारीच्या संध्याकाळी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, पोरं बाहेर फिरक्या घेऊन उभी. त्या मुलाने काचा पुसल्या, माझ्या डोळ्यांवर चढवल्या, समोरच्या तक्त्यावरची खालची ओळ वाचायला लावली. वाचली. नंबर बरोबर. केस, कापड, स्प्रे, आणि वर रात्रीच्या ड्रायव्हिंगचा म्हणून एक पिवळा चष्मा फुकट. कार्ड मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मासा मी बघितलेलाच होता की!

पुढचे तीन महिने मी तो गॉगल लोकांना कौतुकाने सांगत होतो. हे लिहायला जड जातं, पण लिहितो. गॉगल गडद करडा होता. संध्याकाळी हालोलहून परत येताना डोळ्यांना थंड वाटायचं, आणि तो आराम मी पोलरायझेशनच्या खात्यावर जमा करत होतो. खरं तर सूर्य थेट डोळ्यांत येतो तेव्हा पोलराइज्ड काच आणि साधी गडद काच यांत फार फरक पडत नाही. थेट आलेला उजेड सगळ्या दिशांनी थरथरत असतो. पाण्यावरून, डांबरावरून, बॉनेटवरून आडवा परतून येतो तो मुख्यतः आडव्या दिशेने थरथरतो, आणि पोलराइज्ड काच अडवते ती नेमकी ही आडवी थरथर. म्हणजे माझी जी मुख्य तक्रार होती, नाकासमोरचा सूर्य, तिथे खरा आणि खोटा गॉगल जवळजवळ सारखाच वागला. दुकानदाराला हे माहीत होतं का कोण जाणे. मला माहीत असायला हवं होतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.ला फिजिक्सच्या पेपरात मी मॅलस या फ्रेंच शास्त्रज्ञाचा पोलराइज्ड उजेडाचा नियम लिहिलाय. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून मावळतीचं ऊन परतून येत होतं, ते मॅलसने 1808 मध्ये स्फटिकातून बघितलं, स्फटिक फिरवला की ते मंद व्हायचं, इथून ही गोष्ट सुरू झाली. तो मावळतीचा सूर्य काचेवरून परतून आलेला आणि हालोल रोडचा थेट डोळ्यांत येणारा, एवढं काही मला सुचलं नाही.

एप्रिलमध्ये माझा आत्येभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, आणि मी वाघोडियाकडच्या एका गावतळ्यावर गेलो. ठेकेदाराची परवानगी काढलेली. तळी आटायला लागलेली असतात, मासा कडेला येतो. आमच्याकडे तळ्यावर बसायच्या आधी काठ नीट न्याहाळावा लागतो, कारण बडोद्याच्या आसपासच्या तळ्यांत मगरी आहेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा त्या सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या. पाण्यावर ऊन चमकत असेल तर बुडालेलं लाकूड आणि बुडालेली मगर दोन्ही दिसत नाहीत. मासेमारीला पोलराइज्ड काच म्हणजे चैन नव्हे, असं मी घरी सांगतो ते त्यामुळे.

दादा माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "अरे, बघ ना, रोहूची जोडी. त्या दगडाच्या डावीकडे, शेवाळ खातायत."

मला दगडावर चमचमणारा पत्रा दिसत होता.

"कुठे?"

"अरे, कुठे काय! इथे, सहा-सात फुटांवर."

ते अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाण्यावरून परतणारा उजेड सगळ्यात पक्का आडवा होतो तो 53 अंशांच्या कोनाला, हा कोन सरळ उभ्या रेषेपासून मोजायचा. काठावर उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून हिशेब केला तर ती जागा पायांपासून साधारण दोन मीटरवर येते. खरी पोलराइज्ड काच जिथे सगळ्यात जास्त काम करते तिथेच दादा बोट दाखवत होता, आणि तिथेच मला काही दिसत नव्हतं.

दादाने स्वतःच्या चष्म्यावरची क्लिप काढली. साडेसहाशे रुपयांची. मी ती माझ्या महागड्या गॉगलसमोर धरली आणि हळूहळू आडवीची उभी केली. दोन्ही पोलराइज्ड असते तर उभी झाल्यावर समोर काळं कुळकुळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. क्लिप कशीही फिरवली तरी अंधार तेवढाच. मग गॉगल काढला, रोजचा बिनरंगी चष्मा चढवला, त्यावर क्लिप आडवी बसवली. पत्रा गेला. खाली हिरवट पाणी, दगडाची मूळं, आणि रोहूची जोडी खरोखर शेवाळ खात होती. दादा काही बोलला नाही. त्याने थर्मासमधला चहा ओतला, मला आधी दिला.

सोमवारी दुकानात गेलो. मुलगा म्हणाला, नंबरच्या काचेत "इफेक्ट" कमी येतो. हे धादांत खोटं आहे. नंबरच्या पोलराइज्ड काचेत पातळ फिल्म काचेच्या आतच बसवलेली असते, नंबरने ती कमी होत नाही. मी कार्ड मागितलं. माझ्या गॉगलातून ते करडंच राहिलं. मग मालक आले. त्यांनी शांतपणे माझं बिल उघडून दाखवलं: "फ्रेम 1, ग्रे लेन्स यूव्ही 1 जोडी." पोलराइज्ड हा शब्दच नव्हता. "काका, तमे ज जुओ, बिलमां शुं लख्युं छे." आमच्या कारखान्यात चलनावर ग्रेड लिहिला नसेल तर मी गाडी गेटवरून परत पाठवतो.

1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथे तक्रार नोंदवली. फार आशा नव्हती, पण तक्रार दुकानाकडे गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत मालकांचा फोन आला आणि 3,000 परत मिळाले. दादा म्हणाला जिल्हा ग्राहक आयोगात जा, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण दाखवणार काय? बिलावर त्यांनी लिहिलं तेच त्यांनी दिलं होतं. मी तडजोड केली.

तेव्हा माझं ऐका. कार्ड दुकानात बघू नका असं नाही, पण नंबर घालून तयार झालेल्या, तुमच्याच फ्रेममध्ये बसलेल्या काचांतून बघा. कार्डावर विश्वास नसेल तर खिशात साधा जुना कॅलक्युलेटर घेऊन जा. त्याच्या आकड्यांसमोर गॉगल धरून गोल फिरवला की एका जागी आकडे दिसेनासे होतात. मोबाइलवर अवलंबून राहू नका, काही मोबाइल कुठल्याच कोनात काळे पडत नाहीत आणि उगाच चांगल्या काचेवर संशय येतो. काचा ज्या पाकिटातून येतात ते पाकीट मागून घ्या, त्यावर नंबर आणि काचेचा प्रकार छापलेला असतो. आणि बिलावर "पोलराइज्ड" हे अक्षर न अक्षर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर तिथेच कळलं.

काच पोलराइज्ड आहे एवढ्यानेही भागत नाही. नवा गॉगल शोधत फिरताना एका हातगाडीवर 400 चा एक बघितला. कॅलक्युलेटरचे आकडे गेले, म्हणजे फिल्म होती. पण समोरच्या स्कूटरच्या सीटवरची चमक मान सरळ ठेवली की दिसायची आणि मान डावीकडे वाकवली की जायची. फिल्म तिरकी बसवलेली. असा गॉगल घालून गाडी चालवायची तर मान वाकडी करूनच चालवावी लागेल. म्हणून मान सरळ ठेवून चमकणाऱ्या फरशीकडे किंवा बॉनेटकडे बघा, मग गॉगल हातात धरून आडव्याचा उभा करा. सरळ असताना चमक सगळ्यात कमी आणि उभा केल्यावर परत आली पाहिजे.

टॉर्चचं म्हणाल तर घरी तसली टॉर्च आणून बघितली. माझ्या रोजच्या बिनरंगी चष्म्यानेही नोटेची चमक तशीच घालवली. यूव्ही आणि पोलरायझेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दाखवून दुसरी विकता येते. आरशासारखा रंगीत मुलामाही तसाच, त्याचा पोलरायझेशनशी संबंध नाही. फुकटातला पिवळा चष्मा मी रात्री एकदाच लावला. रात्री मुळात उजेड कमी, त्यातला आणखी थोडा अडवून जास्त दिसेल कसं? तो कचऱ्यात गेला.

अखेर मे महिन्यात दुसरीकडे काचा करून घेतल्या, तपकिरी. गढूळ उथळ पाण्यात तपकिरी रंगात मासा उठून दिसतो, आणि सिग्नलचे रंगही कळतात. गडदपणा तिसऱ्या वर्गाचा घेतला, म्हणजे 8 ते 18 टक्के उजेड आत येतो. चौथा वर्ग गाडी चालवायला चालत नाही, हे त्या नव्या दुकानदाराने न विचारता सांगितलं, तेव्हाच मला तो आवडला. तरी मी कॅलक्युलेटर काढलाच. तो बघत राहिला, मग म्हणाला, "काका, हिसाब करो छो?" मी म्हटलं, हो, जुना आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हालोल रोडवर पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर ओळीने ठिपके दिसले, बुद्धिबळाच्या पटासारखे. कडक केलेल्या काचेतला ताण पोलराइज्ड गॉगलातून असा दिसतो. तीन महिने हाच रस्ता, असल्याच गाड्या, आणि एकदाही दिसले नव्हते. सूर्य मात्र नाकासमोर होता तसाच होता.

जुना गॉगल टाकला नाही. नव्या दुकानात मीटरवर लावून बघितला, यूव्ही तो व्यवस्थित अडवतो. त्याच्या काचा आता काढून घेतल्यात, फ्रेममध्ये बायकोच्या नंबरच्या साध्या गडद काचा बसवल्यात, 600 रुपयांत. गच्चीवर मिरच्या वाळवताना ती लावते.