कोलाडचे दोन दिवस: कुंडलिकेतलं राफ्टिंग, कुड्याची लेणी आणि पोपटी

आठ-दहा मित्रांच्या ग्रुपला शनिवार-रविवारात पाण्यातला खेळ, थोडी भटकंती आणि पोटभर खाणं असं तिन्ही हवं असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत मुंबई-पुण्याच्या टापूत रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला तोड नाही. अट एकच. दोन दिवसांचं वेळापत्रक नदीच्या घड्याळावर लावायचं, आपल्या झोपेच्या घड्याळावर नाही. इथली सहल फसते ती बहुतेक वेळा याच एका चुकीने.

ऐन हिवाळ्यात, अगदी उन्हाळ्यातही कुंडलिका नदीत राफ्ट चालण्याइतकं पाणी कसं असतं हे समजून घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणात साठलेलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. टाटांचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. याच धरणाच्या विरोधात सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता. एरवी पूर्वेला वाहत जाऊन भीमेतून पार बंगालच्या उपसागराला मिळालं असतं ते पाणी टर्बाइन फिरवून कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे राफ्टिंगचं पाणी हे विजेच्या कामातून सुटलेलं पाणी आहे. ते सोडलं तर नदी, नाही सोडलं तर गोटे. सोडतात ते बहुधा सकाळी, आणि दुपारनंतर पातळी उतरायला लागते. एखाद्या दिवशी विसर्ग बंद असेल तर जगातला कुठलाही गाइड काही करू शकत नाही.

म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. ‘त्या दिवशी पाणी सुटलं नाही तर काय?’ हा विचारा. पैसे परत, की तारीख बदलून, की ‘त्याऐवजी कयाकिंग करा’? याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. दुसरा प्रश्न: किती वाजता हजर राहायचं आणि त्या वेळेत ब्रीफिंग, म्हणजे पाण्यात उतरण्याआधीच्या सूचना, धरलंय का. साडेआठ सांगितलं असेल तर साडेआठला कपडे बदलून, नाश्ता उरकून उभं असायला हवं. मुंबईहून पहाटे निघून थेट राफ्टवर चढायचा बेत वीसेक वेळा मांडून बघितला तरी अडचण तीच राहते: दहा माणसं, दोन गाड्या, पेणच्या अलीकडे चहा, आणि कोणीतरी एक जण हमखास अर्धा तास उशिरा. शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोहोचणं हा यावरचा खरा उपाय. पुणेकरांना ताम्हिणी घाटातून येता येतं, भिरा या वाटेपासून जवळच आहे. मात्र पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, तेव्हा आधी चौकशी करून निघावं. रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते आणि कोलाड हे तिचं पुढचंच स्टेशन. तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, त्यामुळे रोह्याला उतरून रिक्षा करणं जास्त सोपं.

आता प्रत्यक्ष राफ्टिंग. साजे गावाजवळून राफ्ट पाण्यात घालतात आणि साधारण १२ किलोमीटरवर कामत गावापाशी बाहेर काढतात. पाण्यावर दीड ते दोन तास. रॅपिड (खळाळत्या पाण्याचे टप्पे) ग्रेड २ ते ३ चे, म्हणजे लाटा अंगावर येतात, राफ्ट वाकडी होते, क्वचित कोणी पाण्यात पडतं, पण पोहता न येणाऱ्यालाही करता येण्यासारखं. जोर पहिल्या निम्म्या टप्प्यात असतो, पुढे पाणी संथ होतं आणि गाइड उड्या मारायला परवानगी देतात. ऋषिकेशची गंगा केलेल्यांना हे सौम्य वाटेल. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मात्र याहून चांगली शाळा महाराष्ट्रात नाही, कारण शिकायला पुरेसा जोर आणि चूक सुधारायला पुरेशी उसंत, दोन्ही इथे मिळतं.

सेवा चांगली की वाईट हे काठावरच कळतं. चांगला गाइड लाइफ जॅकेट नुसतं हातात देत नाही. सगळे बक्कल आवळून झाले की दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून माणसाला वर उचलतो. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात पडल्यावर ते तोंडावर येईल आणि माणूस त्यातून खाली सटकेल. बारीक अंगाच्या मंडळींनी लहान साइज मागून घ्यावा, संकोच करू नये. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, मागे ढकललेलं नको. फोम दबून चपटा झालेलं किंवा बक्कल तुटून नुसती गाठ मारलेलं जॅकेट आलं तर सरळ परत करायचं.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते. तिच्यावर एक हात सतत असलाच पाहिजे, आणि याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. रॅपिडमध्ये घाबरून माणूस राफ्टची दोरी धरायला जातो, मूठ मोकळी सुटते आणि शेजाऱ्याच्या दातांवर बसते. राफ्टिंगमधल्या बऱ्याच दुखापती नदीमुळे होत नाहीत, अशा वल्ह्यांमुळे होतात. बसायचं राफ्टच्या कडेवर, आत नाही. पाय पुढच्या आडव्या फुगीर नळीखाली अडकवायचे. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की कंबरेतून वाकून, पुढच्याच्या लयीत. दहा जणांनी दहा लयींत मारलेली वल्ही राफ्टला इंचभरही पुढे नेत नाहीत. ‘गेट डाऊन’ म्हटलं की क्षणात आत बसायचं, वल्हं उभं धरून.

पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाणी गुडघाभर दिसलं तरी. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकलं आणि मागून प्रवाहाने ढकललं की माणूस पालथा पडतो. जॅकेट असूनही जीव जातो तो असा. काठावरून दोरीची पिशवी फेकली तर दोरी धरायची, पिशवी नाही, आणि हाताला गुंडाळायची नाही. ब्रीफिंगमध्ये या गोष्टी करून दाखवल्या नाहीत, नुसतं ‘मजा करा’ म्हणून सोडलं, तर तुम्हीच थांबून विचारा. सोबत एखादी सेफ्टी कयाक, म्हणजे पडलेल्यांना उचलायला असलेली छोटी होडी, आहे का हेही बघा. गर्दीच्या रविवारी वीस-पंचवीस राफ्ट एकामागोमाग सुटतात, तेव्हा तिचं महत्त्व फार. म्हणूनच आमचा कौल शनिवारच्या सकाळीला.

कपडे नायलॉनचे किंवा ड्राय-फिट. जीन्स आणि जाड सुती कपडे पाणी पितात, जड होतात आणि उरलेला दिवस अंग काचतात. पायात मागे पट्टा असलेली सँडल. स्लिपर पहिल्याच लाटेत रेवदंड्याच्या वाटेला लागते. चष्म्याला दोरी. नाश्ता दीड तास आधी आणि हलका, पोहे-चहा पुरे. मिसळ परतल्यावर.

दुपारी बारा-साडेबाराला बाहेर पडलात की जेवून तासभर आडवं व्हा आणि तीनच्या आत कुड्याच्या लेण्यांकडे निघा. कोलाडहून महामार्गाने इंदापूर (रायगडातलं), तिथून तळ्याच्या रस्त्याने पुढे कुडे. राजपुरीच्या खाडीवरच्या डोंगरात २६ बौद्ध लेणी दोन थरांत कोरलेली आहेत, पहिली १५ खाली आणि उरलेली वर. बहुतेक लेणी लहान, साधी, भिक्खूंच्या राहण्याची. ती भराभर बघून सहाव्या लेण्यापाशी मात्र निवांत थांबा. दर्शनी भागात हत्ती, आत स्तूप, आणि भिंतीवर पूर्ण उंचीची दांपत्यं. त्यांच्या डोक्यावरचे फेटे, कानातली जड कुंडलं, कमरेची मेखला हे सगळं तिरप्या उजेडात अजून नीट दिसतं. याच ठिकाणी नंतरच्या काळात कोरलेल्या बुद्धमूर्तीही आहेत, दोन शैलींमधला फरक साध्या डोळ्यांना कळतो. ब्राह्मी शिलालेखांत दानं देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत महाभोज या स्थानिक राज्यकर्त्यांच्या घराण्यातली माणसं आहेत, तशीच माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशीही. खाडीतून व्यापार चालायचा, त्याच्या जिवावर ही लेणी उभी राहिली. वर पाणी आणि खाणं मिळेलच असं नाही, दोन लिटरची बाटली गाडीत ठेवा.

रविवारी हौस असेल तर सकाळी तळगड, नाहीतर पालीचा बल्लाळेश्वर. दोन्ही एकाच दिवसात कोंबू नका. परतताना मुंबईकरांनी जेवून लगेच निघावं, संध्याकाळी महामार्गावर गाड्यांची रांग लागते.

आणि या सगळ्यात ज्यासाठी हिवाळाच निवडायचा ती शनिवार रात्रीची पोपटी, म्हणजे मडक्यात पाला भरून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर रायगडात वाल होतो, त्याच्या कोवळ्या भरलेल्या शेंगा हा तिचा जीव. मुक्कामाच्या ठिकाणी ‘पोपटी मिळेल का’ एवढंच विचारू नका, ‘भांबुर्डीचा पाला असतो का’ हे विचारा. त्या रानपाल्याचा उग्र, ओव्याच्या जवळ जाणारा वास शेंगेत उतरला नाही तर ती नुसती उकडलेली शेंग. काही ठिकाणी केळीची पानं लावून भागवतात. ती पोपटी नाही, आणि तसे पैसेही देऊ नयेत.

दहा जणांना मध्यम मडकं, अडीच किलो शेंगा, दीड किलो चिकन, दहा-बारा अंडी, किलोभर बटाटे आणि रताळी. चिकनला चिरे देऊन आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, लिंबू चोळून दोन तास मुरवायचं आणि केळीच्या पानात बांधायचं. मडक्याच्या तळाला पाल्याचा जाड थर. त्यावर धुतलेल्या शेंगा, खडं मीठ आणि ओवा, मग बटाटे, मग पुन्हा शेंगा. अंडी आणि चिकनची पुडी मधोमध, मडक्याच्या भिंतीला न टेकता, नाहीतर अंडी फुटतात आणि पान जळतं. पाणी एक थेंबही नाही. वाफ शेंगेच्या आणि पाल्याच्या ओलीची. वरून पाला इतका गच्च कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी काही पडू नये, कारण ते उलटंच ठेवायचं असतं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं.

पाऊण तासाच्या आत बहुधा होतं. खूण एकच: मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडा. चर्र आवाज होऊन क्षणात सुकले तर झालं, ओघळले तर अजून थांबा. घाईत आधी उघडलेल्या मडक्यात शेंगा होतात, पण बटाटा आणि चिकन हाडाशी कच्चं राहतं, आणि सुटलेली वाफ परत भरता येत नाही. जाळ फार मोठा केला तर उलटं घडतं: बाहेरच्या शेंगा कोळसा, आतल्या हिरव्या. हवा तो मध्यम, चहूबाजूंनी सारखा जाळ.

मडकं कागदावर ओतलं की आधी शेंगा खायच्या, चिकन नंतर. गरम शेंग दोन बोटांत दाबली की दाणा सालीसकट घसरून येतो, मीठ शेंगेच्या टरफलावरच असतं, म्हणून शेंग दातांनी ओढून खायची. ओतल्यावर दहा मिनिटांत तिची चव बदलते, तेव्हा फोटो एकच काढा. सोबत तांदळाची भाकरी आणि कांदा पुरतो. ठेकेदाराच्या बुफेतलं पनीर त्या रात्री नको म्हणून सांगा आणि त्या पैशांत शेंगा वाढवून घ्या.