शाळेमागचं बालोद्यान: लहान लेकरांना निर्धास्त घेऊन जावं अशी बाग

सायंकाळी पाचनंतर या. दुपारी लेकरांना आणू नका. घसरगुंडी पत्र्याची आहे, अन् मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा 45च्या वर जातो. पत्रा असा तापतो की लेकराच्या मांडीला चटका बसतो. एवढी एक गोष्ट आधी सांगते, बाकी मी या बागेबद्दल चांगलंच लिहिणार आहे.

बाग हिंगणघाट तालुक्यात, आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या मागे आहे. तिकीट नाही. मी 21 वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. त्यामुळे कुठलीही बाग पाहिली की माझी नजर आधी झोक्याच्या कडीवर आणि खालच्या जमिनीवर जाते.

त्याला कारणही आहे. याच जागेवर आधी एक बाग झाली होती. ठेकेदार आला, चार खेळणी उभी केली, फोटो काढले, गेला. दुसऱ्याच पावसाळ्यात झोक्याचा खांब एका अंगाला कलला. आम्ही सांगितलं, कोणी आलं नाही. मग एका सकाळी माझ्याच अंगणवाडीतली पोरगी झोक्यावर असताना खांब आडवा झाला. पोरीचा हात मोडला. तिच्या आईसमोर जायची मला हिंमत होत नव्हती. त्यानंतर तीन वर्षं तिथं गाजरगवत आणि उकिरडा, दुसरं काही नाही.

गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, 20 डिसेंबरला, आमच्याकडे गाव झाडायची रीत आहे. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ज्या गावी जायचे तिथं आधी खराटा हाती घ्यायचे, कीर्तन रात्री. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी गावातली पोरं झाडत झाडत शाळेमागे पोचली आणि थांबलीच नाहीत. बचत गटाच्या बायाही आल्या. गाजरगवत मुळासकट उपटायला आठ दिवस लागले. त्याची अंगाला खाज सुटते म्हणून कृषी केंद्रवाल्या भाऊंनी हातमोजे दिले. जिनिंगवाल्यांनी कचरा न्यायला ट्रॅक्टर दिला, तोही कापसाच्या ऐन हंगामात, जेव्हा ट्रॅक्टर एक तास मोकळा नसतो.

झोक्याचं मात्र मला नीट सांगायचं आहे. स्टँडवरच्या वेल्डिंगवाल्यानं काम घेतलं तेव्हा मी त्याला म्हटलं, भाऊ, पुन्हा तसंच होणार असेल तर करू नका. त्यानं फावडं मागवलं आणि माझ्यासमोर खड्डा खणायला लागला. "बाई, हे काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगा देते. दीड फुटात खांब गाडला तं तो हालनारच. खाली मुरूम लागेपर्यंत जा लागते." मुरूम साडेतीन फुटांवर लागला. खांबाचा पाया त्या मुरमावर भरला, आणि भोवतीही काळी माती न घालता मुरूमच धुमसून बसवला. वर कडीत कडी अडकवली की दोन्ही घासून झिजतात, म्हणून त्यानं बेअरिंग बसवले. मजुरी घेतली नाही, फक्त पाईपाचे पैसे घेतले. दर सोमवारी त्याचं दुकान बंद असतं, त्या दिवशी येऊन ग्रीस भरतो. दोन पावसाळे गेले. मी ओळंबा लावून पाहिला आहे, खांब सरळ आहे. झोक्याखाली हातभर वाळू आहे, घरकुलांच्या बांधकामातून उरलेली. लेकरू पडलं तरी गुडघा फुटत नाही.

दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे झाडांजवळची मडकी. पहिल्या पावसानंतर 36 रोपं लावली: कडुनिंब, करंज, बहावा. पाऊस गेल्यावर पाणी कोण देणार हा प्रश्न होता. हातपंप उन्हाळ्यात हवा ओढतो, टँकरचं पाणी बागेला मागायला तोंड नाही. कुंभारवाड्यातल्या काकांनी मडकी दिली. बाजारात न खपणारी, तोंडाशी टवका उडालेली, पण बुडानं शाबूत. रोपापासून हात-दीड हातावर मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकणी ठेवायची. मातीच्या मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं त्याच्याकडे ओढली जातात. चार-पाच दिवसांनी एकदा भरलं तरी भागतं. झाकणी उघडी ठेवली तर डास होतात, हे मी लेकरांना रोज बजावते. आता मोठी पोरं शाळा सुटली की आपापल्या बाटलीतलं उरलेलं पाणी मडक्यात ओततात. एकेका पोराचं झाड ठरलेलं आहे, दुसऱ्यानं ओतलं तर भांडण होतं.

36 पैकी 31 झाडं जगली. तीन करंज पहिल्याच महिन्यात गेले, दोन रोपं बकऱ्यांनी फस्त केली. त्यानंतर प्रत्येक झाडाला तुराट्यांचं कुंपण केलं. तुरी निघाल्या की ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर तुराट्यांचा ढीग असतोच, विकत काही आणावं लागलं नाही. दिसायला लोखंडी जाळीसारखं चकचकीत नाही, पण बकरीचं तोंड आत जात नाही.

समोरच्या पानठेल्यावाल्याचाही उल्लेख करते. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटणं हा त्याचा धंदा आहे. तरी बागेच्या फाटकाशी तोच उभा राहून सांगतो, "राजेहो, तोंड धुऊन मंग आत जा." पाण्याचा ड्रम त्यानंच ठेवला आहे. आमच्या बसस्टँडच्या भिंती पाहिल्या आहेत त्यांना याचं मोल कळेल. वर्ष झालं, बागेतल्या एकाही बाकावर लाल पिचकारी नाही.

मदत केलेल्या दुकानदारांच्या नावाच्या पाट्या आहेत, पण तळहाताएवढ्या. मोठी जाहिरात रंगवू द्या, असं एक-दोघांनी म्हटलं होतं. बचत गटाच्या बाया अडून बसल्या, भिंतीवर बाराखडीच आली. मला ते फार आवडलं. माझी लेकरं झोक्याची पाळी येईपर्यंत भिंतीवरची अक्षरं बोटानं गिरवतात.

कमी काय आहे, तेही लिहिते. संडास-मुतारी नाही. लेकरांना शाळेत न्यावं लागतं आणि सुट्टीत शाळेला कुलूप असतं. बायांची फार अडचण होते, हे काम आधी व्हायला पाहिजे. दिवा एकच आहे, तोही लोडशेडिंगमध्ये जातो, त्यामुळे हिवाळ्यात सहालाच घरी निघावं लागतं. झाडं अजून कमरेएवढी आहेत, सावली धरायला आणखी चार-पाच वर्षं जातील.

आणि तीन वर्षांखालच्या लेकरांना बसता येईल असा झोका नाही. पाटी मोठी पडते, लेकरू पुढून घसरतं. पाचपैकी चार तारे देते, एक त्यासाठी आणि संडासासाठी राखून ठेवला. झोक्याचं वेल्डिंगवाल्याच्या कानावर घातलं होतं. या सोमवारी ग्रीस भरायला आला तेव्हा माझी दोन वर्षांची नात सोबत होती. त्यानं खिशातून सुतळी काढली, तिच्या कमरेभोवती धरली, गाठ मारली आणि ती सुतळी पाकिटात ठेवून गेला.