मावशीची काचेची झारी: पाण्याचा दाबमापक सात महिने वापरल्यानंतर

दादरला मावशीच्या घरी भिंतीवर अडकवलेली एक काचेची झारी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. वरून ती पूर्ण बंद, पोट फुगीर, आणि पोटाच्या तळाजवळून निघून वर वळलेली बोरूएवढी बारीक तोटी हीच काय ती तिची एकमेव उघडी जागा. पाणी घालायला तोंडच नाही म्हणून घरात तिला सदोष फुलदाणी ठरवून मोडीत काढले होते. प्रत्यक्षात ही जुनी वस्तू ओळखण्याची खूण हीच. नेदरलँड्सच्या परिसरात सतराव्या शतकापासून पाण्याच्या पातळीवरून हवेचा दाब दाखवणारे असे दाबमापक घराघरांत टांगलेले असत, आणि जर्मन कवी गटे याच्या संग्रही असा एक होता म्हणून पुढे त्याच्याच नावाने ते विकले जाऊ लागले.

काचेत पाणी किंवा द्रव दिसला की त्याला दाबमापक म्हणण्याची चूक ऑनलाइन विक्रेतेही सर्रास करतात. रंगीत गोळे वर-खाली होणारी नळी हा तापमापक आहे. पांढरे स्फटिक साचणारी सीलबंद कुपी ही कापूर, अल्कोहोल आणि क्षार यांची असते. ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केल्यामुळे तिला प्रतिष्ठा मिळाली, परंतु जी कुपी चहूबाजूंनी बंद आहे तिच्यात बाहेरच्या हवेचा दाब शिरणार कुठून? पाऱ्याचा दाबमापक खरा, पण पाऱ्याचा स्तंभच ७६ सेंटिमीटर असल्यामुळे त्याची नळी जवळजवळ मीटरभर उंच लागते, आणि पारा घरात नसलेलाच बरा.

झारीचे काम सोपे आहे. पोटात पाण्याच्या वर हवा कोंडलेली असते; बाहेरचा दाब कमी झाला की ती हवा पाणी ढकलते आणि तोटीतली पातळी चढते, दाब वाढला की उतरते. दाब घसरणे हे पावसाचे आणि वाढणे हे स्वच्छ हवेचे लक्षण मानतात. हे मला पुस्तकातून कळण्याआधी खंडाळ्याच्या घाटात कळले. मावशीकडे हौसेने लाल रंगाचे पाणी भरून, झारी मांडीवर उभी धरून मी मोटारीने पुण्याला निघालो होतो. घाट चढू लागताच तोटी ठिबकू लागली आणि लोणावळ्यापर्यंत दोन-तीन चमचे पाणी माझ्या सदऱ्याने प्यायले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणजे मुंबईपेक्षा तिथला दाब साठेक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी, आणि एका हेक्टोपास्कलला पाण्याचा स्तंभ साधारण एक सेंटिमीटर लागतो. वीतभर तोटीने हा फरक पेलावा ही अपेक्षाच चुकीची होती. सबब, झारी जिथे टांगायची तिथेच भरावी.

भरण्यासाठी मी सिरिंजला सलाइनची बारीक नळी जोडली, ती तोटीतून आत सरकवली आणि झारी तिरकी करत करत पोट निम्मे भरले. तोटीत हवेचा बुडबुडा अडकला की पातळी हलतच नाही; हा झारीतला शुक्राचार्य दर्भाने नव्हे, पण पातळ तारेने निघतो. साध्या नळाच्या पाण्यात दोन महिन्यांत शेवाळ धरले, त्यानंतर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरत आहे.

आता मुख्य तक्रार. हे यंत्र हवामानापेक्षा खोलीचे तापमान अधिक तत्परतेने सांगते. कोंडलेली हवा एका अंशाने तापली तर पाण्यावर होणारा परिणाम बाहेरचा दाब सुमारे ३.४ हेक्टोपास्कलने घसरल्याइतका असतो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी एसी लावल्यावर अर्ध्या तासात तोटीतले पाणी दोन बोटे उतरले. म्हणजे झारीच्या मते हवा स्वच्छ होत चालली होती, आणि त्याच वेळी गॅलरीतले वाळत घातलेले कपडे वळिवात भिजत होते.

दुसरी अडचण आपल्या अक्षांशांची आहे. युरोपात एखादे वादळ आले की दाब दोन दिवसांत तीस हेक्टोपास्कलही खाली येऊ शकतो, त्यामुळे तिथे तापमानाची चूक झाकून जाते. आपल्याकडे दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास उतरतो, आणि हा फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. दुपारी चारला दाब कमी आणि खोली गरम, अशा दोन्ही कारणांनी पाणी चढते. ते पाहून कोणी छत्री काढली तर वर्षभर दुपारी छत्री घेऊनच हिंडावे लागेल.

म्हणून मी एप्रिलपासून शिस्त लावली. पंखा बंद, शेजारी तापमापक, आणि नोंद फक्त सकाळी साडेनऊला. तोटीमागे कागदाची पट्टी चिकटवून २७ अंशांना पातळी कुठे असते याच्या खुणा केल्या आणि इतर तापमानांची नोंद त्या मानाने दुरुस्त केली. तेव्हा कुठे झारी बोलू लागली. उन्हाळ्यातून पावसाळ्यात शिरताना पाणी हळूहळू वर सरकत गेले आणि जुलैत एप्रिलपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर उंच राहिले; ऑक्टोबर लागताच ते पुन्हा उतरू लागले. मोसमी दाबाचा हा लांबलचक उतार-चढाव डोळ्यांनी पाहायला मिळणे, ही माझ्या दृष्टीने या वस्तूची खरी कमाई आहे. उद्या पाऊस पडेल का, हे मात्र तिने मला एकदाही धड सांगितलेले नाही.

पडताळ्यासाठी फोनमधला दाबसंवेदक चालतो. पुण्यात तो ९५० च्या आसपास आकडा दाखवतो, कारण बातम्यांतला हजाराच्या वरचा आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तोटी उघडी असल्यामुळे पाणी उडत राहते आणि महिन्याकाठी थोडे घालावे लागते, की जुन्या खुणा बाद होतात. माझ्या पट्टीवर आतापर्यंत तीनदा खोडरबर फिरले आहे.