कच्छच्या चुनखडकाचे थिन सेक्शन: एका प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

कच्छमधील फुलरा चुनखडक आणि त्याच्यावर येणारा मणियारा फोर्ट शैलसमूह यांतून गोळा केलेले नमुने मी एका खासगी प्रयोगशाळेकडे थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचेवर चिकटवलेले खडकाचे अतिशय पातळ छेद) करण्यासाठी पाठवले होते. मोठ्या फोरॅमिनिफेरांवरून (कवचधारी एकपेशीय सागरी जीवांच्या जीवाश्मांवरून) थरांचे वय ठरवणाऱ्याने ही सेवा घ्यावी की नाही, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे.

घट्ट खडकाच्या बाबतीत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. छेदांची जाडी सगळीकडे ०.०३ मिलिमीटरच्या आसपास राखलेली होती आणि चिकटवताना बुडबुडे राहिलेले नव्हते. डिस्कोसायक्लिना आणि लेपिडोसायक्लिना हे फोरॅमिनिफेरांचे दोन गट बाहेरून सारखेच चपटे दिसतात. मात्र विषुववृत्तीय छेदात (चपट्या कवचाचे मधोमध दोन पातळ भाग करणाऱ्या छेदात) पहिल्याचे कप्पे आयताकृती, तर दुसऱ्याचे कमानदार असल्याचे या काचपट्ट्यांवर लख्ख दिसले. पहिला गट इओसीन या भूशास्त्रीय काळाच्या अखेरीस नष्ट झाला आणि दुसरा भारतातील थरांत त्यानंतरच्या ओलिगोसीनमध्ये अवतरतो, त्यामुळे सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीची ही सीमा एवढ्या एका फरकाने हाती लागते.

खडकातून सुट्या निघालेल्या न्युम्युलाइटांच्या (नाण्यासारख्या चपट्या फोरॅमिनिफेरांच्या) बाबतीत मात्र निराशा झाली. यांच्या एकाच जातीत दोन पिढ्या असतात: एकीचे कवच लहान पण आद्य कप्पा (कवचाच्या केंद्रातला पहिला कप्पा) मोठा, तर दुसरीचे कवच मोठे पण आद्य कप्पा अगदी बारीक. अनेक वंशांत पहिल्या पिढीतील आद्य कप्प्याचा व्यास काळानुसार वाढत जातो, म्हणून तो मायक्रॉनमध्ये मोजून, बऱ्याच नमुन्यांची सरासरी काढून जात निश्चित करतात आणि १९९८ मध्ये सेरा-किएल व सहकाऱ्यांनी टेथिस या प्राचीन समुद्रातील पॅलिओसीन (इओसीनच्या आधीचा काळ) व इओसीन थरांसाठी मांडलेल्या २० जीवाश्म-क्षेत्रांपैकी (जीवाश्मांवरून ओळखल्या जाणाऱ्या कालविभागांपैकी) योग्य क्षेत्र शोधतात. प्रयोगशाळेने कवचे हाताला येतील तशी कापली होती. छेद केंद्राला चुकवून गेला की व्यास आहे त्यापेक्षा कमी भरतो आणि थर आपोआप जुना ठरतो. चूक डोळ्यांना दिसत नाही, हे त्यातले सर्वांत वाईट.

खरे तर सुट्या न्युम्युलाइटांसाठी पैसे मोजण्याचे कारणच नाही. कवच चिमट्यात धरून ज्योतीवर तापवावे आणि थंड पाण्यात टाकावे. बहुतेकदा ते विषुववृत्तीय प्रतलावरच उकलते (डोळ्यांना चष्मा हवाच, तुकडे उडतात). असिलिना या न्युम्युलाइटांच्या जवळच्या गटासाठीही मी हेच करतो.

तक्रार केल्यावर प्रयोगशाळेने उरलेले नमुने केंद्र येईपर्यंत हळूहळू घासून, मध्येच तपासत, पुन्हा विनामूल्य करून दिले आणि ते चांगले निघाले. म्हणजे कौशल्य होते, सूचना नव्हती. मागणीपत्रात छेदाच्या दिशेसाठी रकानाच नाही. तेव्हा प्रत्येक पाकिटावर ‘विषुववृत्तीय छेद, आद्य कप्प्यातून’ असे स्वतः लिहून द्यावे आणि घट्ट चुनखडकाचे तुकडे वेगळ्या पेटीत पाठवावेत.