अजिंठा-वेरूळची खासगी गाडीची सहल : फसवणूक नेमकी कुठे होते

‘अजिंठा-वेरूळ एकाच दिवसात, गाडी आणि गाइडसह’ असा मेसेज आला की तिथेच सावध व्हा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण 30 किलोमीटर, अजिंठा 100 किलोमीटरच्या आसपास, आणि तेही वेगवेगळ्या दिशांना. अजिंठ्याला जायला अडीच ते तीन तास, परतायला तेवढेच. लेणी सकाळी 9 ला उघडतात आणि नीट पाहायची तर चार तास लागतातच. एवढं करून वेरूळला पोचेपर्यंत उन्हं उतरलेली असतात. असा कार्यक्रम विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. दोन लेण्यांना दोन दिवस ठेवा.

वार बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मंगळवारचं वेरूळचं बुकिंग बिनदिक्कत घेतलं जातं आणि गाडीत बसल्यावर सांगितलं जातं, ‘साहेब, आज लेणी बंद आहेत, पण बाकी सगळं दाखवतो.’ मग दौलताबाद, घृष्णेश्वर, खुलदाबाद आणि दोन-तीन दुकानं. पैसे मात्र पूर्ण. याची उलटी तऱ्हाही चालते. लेणी उघडी असतात, पण ‘आज व्हीआयपी आलेत, दुपारी 2 नंतरच सोडतात’ असं सांगून सकाळ दुकानांत घालवली जाते. अशा वेळी एकच उत्तर : ‘आधी तिकीट खिडकीशी न्या, आम्ही स्वतः विचारतो.’

गाडी दारात आली की आधी नंबरप्लेट बघा. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. तिला प्रवासी भाड्याने नेण्याचं परमिट नसतं आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते. ‘घरचीच गाडी आहे, स्वस्तात देतो’ या बोलण्याला भुलू नका.

बिलातला घोळ किलोमीटरमध्ये असतो. दौलताबाद आणि घृष्णेश्वर धरूनही वेरूळची फेरी साधारण 70 किलोमीटरची. ती ‘8 तास, 80 किलोमीटर’ या स्थानिक पॅकेजमध्ये बसते. पण संध्याकाळी ती बाहेरगावची ठरवून किमान 300 किलोमीटर लावले जातात. किलोमीटरला 14 रुपये धरले तर ते 4200 रुपये झाले. वर ड्रायव्हरचा भत्ता, पार्किंग आणि मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंतचे किलोमीटर. अजिंठ्याला मात्र किमान 300 किलोमीटरचा हिशेब रीतसर असू शकतो, कारण फेरीच 200 च्या वर जाते. म्हणून बुकिंगच्या वेळीच लेखी मेसेज घ्या : गाडीचा नंबर, पॅकेज कोणतं, मोजणी कुठून कुठे, भत्ता किती, जादा तासाला किती. बसताना आणि उतरताना मीटरचा फोटो काढा. टोल लावला असेल तर फास्टॅगचा मेसेज दाखवायला सांगा.

तिकिटांतही हात मारला जातो. भारतीयांना दोन्ही ठिकाणी 40 रुपये, परदेशी नागरिकांना 600, आणि 15 वर्षांखालील मुलांना काहीच नाही. अमेरिकेहून वा लंडनहून आलेले नातलग सोबत असले की ‘तुमचं फॉरेनरचं तिकीट लागेल’ म्हणत 600 प्रमाणे रोख घेतले जातात. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, ज्यांच्याकडे आहे त्यांना भारतीयांचाच दर लागतो. चौघांमागे 2240 रुपयांचा हा फरक. तिकीट स्वतः काढा, कार्ड जवळ ठेवा.

गाइड ड्रायव्हरने आणलेला असेल तर त्याचं पर्यटन मंत्रालयाचं किंवा पुरातत्त्व खात्याचं ओळखपत्र बघा; फोटो, क्रमांक, मुदत, तिन्ही. खरा गाइड ते गळ्यातच घालतो. बनावट गाइडची खूण म्हणजे तो लेणी गाळतो. अजिंठ्यात 1, 2, 16, 17 दाखवून ‘पुढे सारखंच आहे’ म्हणतो आणि तुमचं 26 वं लेणं हुकतं, जिथे भिंतीलगत निजलेल्या बुद्धांचं भव्य महापरिनिर्वाण शिल्प आहे. वेरूळला कैलास, म्हणजे 16 वं लेणं, झालं की गाडीकडे वळवतो. 10 वं विश्वकर्मा लेणं आणि दूरची 30 ते 34 ही जैन लेणी राहूनच जातात. वाचवलेला तो तास दुकानासाठी असतो. ठरवतानाच लेण्यांचे क्रमांक सांगा.

दुकानात ‘सरकारमान्य विणकर केंद्र’ अशी पाटी असते. दर्शनी भागात हातमागावर खरोखर विणकर बसलेला असतो, ठोके ऐकू येतात, आणि कपाटातून निघते ती यंत्रमागावरची सेमी पैठणी. साडी हातात घेऊन पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवून विणलेला असतो, त्यामुळे मोर उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच नेटका दिसतो. उलट्या बाजूला मोकळे लोंबते किंवा कापलेले धागे आणि जाळी दिसली की ती यंत्रावरची. सेमी पैठणी नेसायला वाईट नाही, पण तिला हातमागाची किंमत देऊ नका. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची नव्हे. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो.

अजिंठ्याला फर्दापूर टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात. तिथून 4 किलोमीटर एसटीच्या शटल बसने जायचं. ‘गाडी थेट पायथ्याशी नेतो, जादा द्या’ हे खोटं. तिथेच कुणी चमकता स्फटिक ‘भेट’ म्हणून हातात ठेवतो आणि परतताना दुकानात यायचं वचन घेतो. दगड घेऊच नका. डोली करायची असेल तर दर जाण्याचा की जाण्यायेण्याचा, हे बसण्याआधी ठरवा.

आगाऊ रक्कम यूपीआयने पाठवून समोरचा फोन बंद झाला, तर तासाभराचीही वाट न बघता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे वळवले जाण्याआधी खातं गोठवता येतं. गाडीवाला वाटेतच अडवणूक करत असेल तर पर्यटकांसाठीचा 1363 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. बिलाच्या वादासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. तिन्हीकडे तुमच्याकडून पुरावा मागतील : तो लेखी मेसेज, मीटरचे दोन फोटो आणि पैसे पाठवल्याची पावती.